दारिद्र्य आणि दारिद्र्याचे भय

‘मुलाचे शाळेत लक्ष नव्हते, म्हणून कामाला लावले,’ हे वाक्य जुमाच्या नमाजनंतर मशिदीच्या पायरीवर अनेकदा कानी पडते. ते बोलणारे पिते निष्ठुर नसतात. त्यांतील कित्येकांचे स्वतःचे बालपणही यंत्रमागाच्या खडखडाटात किंवा गॅरेजच्या तेलकट फरशीवर सरलेले असते. म्हणून त्यांना दोष देण्याआधी ते वाक्यच नीट तपासले पाहिजे.

शिक्षण हक्क कायद्याचे संरक्षण 6 ते 14 या वयापुरते आहे. आणि 14 पूर्ण होताच बालमजुरीचा कायदाही, धोक्याची कामे वगळून, कामाचे दार उघडतो. त्याच सुमारास कित्येक गावांतील उर्दू शाळा संपते. पुढचे हायस्कूल दूर असते, कधी माध्यमही बदलते. सहावीचे अपूर्णांक कच्चे ठेवून ढकलपास होत आलेला मुलगा नववीच्या बीजगणितापुढे मुका बसतो. ‘लक्ष नव्हते’ या दोन शब्दांआड हे सारे झाकले जाते. चौदाच्या आतलेही चित्र बरे नव्हते: 6 ते 14 वयोगटातील चारांपैकी एक मुस्लिम मूल शाळेत गेलेच नाही किंवा मधूनच बाहेर पडले, असे सच्चर समितीने 2006 साली नोंदविले होते.

पित्याने मुलाला हुनर शिकवावे, याला शरीअतची हरकत नाही. हजरत दाऊद (अलै.) स्वतःच्या हातांच्या कमाईवर जगत. मात्र पिता हा मुलाचा मालक नव्हे, वली आहे. आणि वलीचा निर्णय मुलाच्या हिताचा असावा लागतो.

येथे कुरआनमजीदमधील एक सूक्ष्म भेद उपयोगी पडतो. जाहिलियतच्या काळातील संततीहत्येची मनाई दोन ठिकाणी आली आहे. सूरह अनआममध्ये दारिद्र्यामुळे हत्या करू नका असे म्हणून रोजीचे वचन आधी पालकांना व मग मुलांना दिले आहे. सूरह बनी इस्राईलमध्ये दारिद्र्याच्या भयाने करू नका असे म्हणून ते आधी मुलांना दिले आहे. मुफस्सिरांनी हा क्रम मुद्दाम दाखविला आहे: एकीकडे आज ओढवलेली उपासमार, दुसरीकडे उद्याची धास्ती. शाळा सोडविणे म्हणजे हत्या नव्हे. मिंबरावरून तशी तुलना करणे मला रुचत नाही. पण भेद आपल्या कामाचा आहे.

‘शिकून तरी नोकरी कोण देतो?’ ही धास्ती निराधार नाही. भाड्याच्या घरापासून मुलाखतीपर्यंत नावावरून पारख होते, हे आपण जाणतो. मुलीच्या बाबतीत धास्तीचे रूप वेगळे: रस्ता, एस.टी., लोकांची तोंडे. तरीही विद्येचा उपयोग आधीच मोजून ठेवता येतो काय? हजरत जैद बिन साबित (रजि.) हे बुआसच्या लढाईत वडील गमावलेले मूल. बद्रच्या वेळी लहान म्हणून त्यांना परत पाठविले गेले. हा मुलगा लिहायला शिकला, वह्य लिहू लागला, पैगंबर (सल्ल.) यांच्या सांगण्यावरून यहुद्यांची लिपीही त्याने शिकून घेतली. पुढे हजरत अबू बक्र (रजि.) यांनी कुरआन एकत्र करण्याचे काम त्यांच्यावर सोपविले. तो अक्षरे गिरवीत होता तेव्हा हे मदीनेत कोणी भाकीत केले असते? धास्तीपोटी शाळा सुटलेल्यांसाठी दहावीचा सतरा नंबरचा फॉर्म आजही आहे. तो भरायला बापाने मालकाशी दोन शब्द बोलावे लागतात, इतकेच.

खरी उपासमार मात्र वेगळी गोष्ट आहे. पती गेलेली स्त्री थोरल्या मुलाला कारखान्यात पाठविते, तेव्हा तिला इल्मच्या फजीलतवर बयान ऐकविणे ही क्रूरता आहे. तेथे प्रश्न तिला नव्हे, मोहल्ल्याला विचारावा लागतो. हनफी फिकहप्रमाणे जकात गरजवंताच्या मालकीत गेली पाहिजे. मुलाच्या महिन्याच्या मजुरीइतकी रक्कम त्या आईच्या हातात ठेवली, तर जकात अदा होते. आपण रमजानमध्ये रेशनची पाकिटे वाटतो. रमजान दरवर्षी मागे सरकतो, शाळेचा जून मात्र जागचा हलत नाही, आणि मुलगा शाळा सोडतो तो बहुधा जूनमध्ये. साहिबे-निसाब व्यक्तीने वर्ष पुरे होण्याआधीच जकात दिली, तरी ती ग्राह्य धरली जाते. जमाअतच्या वहीत अशा घरांची नावे मे महिन्यातच लिहिता येतील.