पाणक्याचा धर्म

एक जुने कृष्णधवल छायाचित्र बरीच वर्षे आमच्या मनात घर करून आहे. डोंगरातल्या रस्त्याकडेला, दगडी कठड्यावर, वीस वर्षांचा एक तरुण बसला आहे. जवळच त्याची सायकल आहे आणि तिला पुढचे चाक नाही. चेहरा रडवेला आहे. बाकीचे स्पर्धक केव्हाच पुढे निघून गेले. हा मदतीच्या गाडीची वाट पाहत मागे राहिला आहे.

हा रेने व्हिएटो. साल १९३४. ‘टूर द फ्रान्स’ या शर्यतीत तो त्या वर्षी प्रथमच उतरला होता आणि आल्प्स पर्वतातील टप्पे जिंकून त्याने फ्रेंच लोकांना वेड लावले होते. पिरेनीज पर्वतात आक्स-ले-तेर्म या गावाकडे उतरताना त्याच्या संघाचा नायक आंतोनँ मान्ये पडला आणि त्याचे चाक मोडले. शर्यतीत सर्वांत पुढे असणाऱ्याची पिवळी जर्सी मान्येच्या अंगावर होती. व्हिएटोने आपले चाक काढून त्याला दिले. दुसऱ्या दिवशी मान्येची सायकल पुन्हा निकामी झाली. व्हिएटो त्या वेळी पुढे होता. निरोप मिळताच तो मागे वळला, जो घाट उतरला तोच उलट चढून गेला आणि आपली सायकल देऊन पुन्हा थांबून राहिला. मान्येने ती शर्यत जिंकली. व्हिएटो पाचवा आला. पुढे १९३९ मध्ये तो दुसरा आला. १९४७ मध्ये अनेक दिवस पिवळी जर्सी त्याच्या अंगावर होती, ती अखेरच्या दिवसांत गेली. टूर त्याला कधीच जिंकता आली नाही.

लोकांनी मग एक कथा रचली, की त्या दोन दिवसांनी व्हिएटोचा विजय हिरावून घेतला. हिशेब मात्र वेगळे सांगतो. अंतिम क्रमवारीत तो मान्येच्या मागे सुमारे एक तास होता. वाट पाहण्यात गेलेली मिनिटे परत दिली, तरी तो जिंकला नसता. पण घाटात चाक काढून देताना हा हिशेब त्याला कुठे ठाऊक होता? त्याने दिले तेव्हा आपण सर्वस्व देत आहोत असेच त्याला वाटले असणार. त्यागाचे मोल दिलेल्या वस्तूवरून करावे की देणाऱ्याच्या समजुतीवरून, हा जुनाच प्रश्न आहे. आमचा कल दुसऱ्या बाजूला आहे.

ज्यांनी ही शर्यत पाहिलेली नाही अशा वाचकांना प्रश्न पडेल की सायकलची शर्यत एकट्याची, तिथे संघ कशाला? उत्तर वाऱ्यात आहे. सपाट रस्त्यावर वेगाने जाणाऱ्या स्वाराची बहुतेक शक्ती समोरची हवा दूर सारण्यात खर्च होते. दुसऱ्याच्या मागे चाकाला चाक लावून चालले, तर पाव ते एकतृतीयांश श्रम वाचतात. म्हणून नायकासमोर त्याचे सहकारी आळीपाळीने वारा अंगावर घेतात. शेवटच्या घाटापर्यंत त्याला ताजेतवाने पोहोचवायचे आणि मग स्वतः गळून पडायचे, हे त्यांचे काम. टूरमध्ये आज एका संघात आठ स्वार असतात. त्यांतील एक जिंकण्यासाठी असतो. उरलेल्यांतील बहुतेक त्याच्यासाठी.

त्यांचे दुसरे काम पाण्याचे. स्वार हळूहळू मागे सरकत संघाच्या गाडीपाशी येतो, जर्सीच्या पाठीत, पोटाशी, मिळेल तिथे बाटल्या कोंबतो आणि कितीतरी किलोंचे ते ओझे घेऊन दीडशे स्वारांमधून वाट काढीत पुन्हा पुढे येतो. इतरांना एकेक बाटली देतो. अर्ध्या तासाने पुन्हा तेच. आपल्याकडे अशा माणसाला पाणक्या म्हणत. नाथांच्या घरी कावडीने पाणी वाहणारा श्रीखंड्या ठाऊक असलेल्या मराठी माणसाला या शब्दात हीनता जाणवू नये. पण युरोपात तशी स्थिती नव्हती. तिथला शब्द ‘दोमेस्तिक’, म्हणजे घरगडी. तो या खेळात आला तोच शिवी म्हणून. १९११ च्या टूरमध्ये मोरिस ब्रोको या स्वाराने स्वतःची संधी गेल्यावर फ्रांस्वा फाबेर या दुसऱ्या स्वाराला वाऱ्याचा आडोसा देत मुक्कामी पोहोचवले. शर्यतीचे जनक आंरी देग्रांज संतापले. प्रत्येकाने आपल्या बळावर लढावे, असा त्यांचा नियम होता. हा माणूस नालायक आहे, निव्वळ घरगडी आहे, अशा आशयाचे त्यांनी आपल्या वृत्तपत्रात लिहिले. ब्रोकोने पिरेनीजमधला एक अवघड टप्पा एकट्याने जिंकून उत्तर दिले; तरी त्याला शर्यतीतून काढलेच.

देग्रांज यांचा वाऱ्याशी झगडा व्यर्थ होता, हे काळाने सिद्ध केले. पण त्यांच्या रागात एक खरी शंका होती. जो आपले बळ दुसऱ्याच्या हाती देतो, त्याच्याजवळ आपले म्हणून काय उरते?

त्याला पगार मिळतो, एवढ्यावर हा विषय मिटवता येईल. परंपरेप्रमाणे टूरचा विजेता आपली बक्षिसाची रक्कमही सहकाऱ्यांत वाटून टाकतो. मात्र त्या पगारासाठी काय द्यावे लागते, तेही पाहावे. सरावाचा मोठा भाग कंटाळवाणा असतो: दिवसाचे पाच-सहा तास, महिनोन् महिने, धाप लागणार नाही अशा बेताच्या गतीने. त्यानेच हृदयाची रक्त ढकलण्याची क्षमता वाढते, स्नायूंत केशवाहिन्यांचे जाळे दाट होते, पेशी चरबी जाळायला शिकतात. त्यावर घाटांतील तीव्र कष्टांचे मोजके दिवस. मग दोन हजार मीटर उंचीवरच्या एखाद्या डोंगरावर दोन-तीन आठवड्यांचा मुक्काम, म्हणजे विरळ हवेत शरीर अधिक लाल पेशी तयार करते. प्रत्येक घास तोलून खायचा. आम्ही स्वतः सायकल मारली ती फार तर रेल्वे स्टेशनपर्यंत. त्यामुळे या गोष्टी लिहितानाही थोडा संकोच वाटतो. असा सगळा संन्यास पत्करून शेवटी शंभरावा क्रमांक, विजेत्याच्या मागे दोन-तीन तास. पगाराने माणसाचे पाय विकत मिळतील. व्हिएटोचे अश्रू त्या करारात नव्हते.

तरीही त्या अश्रूंनी आमचे समाधान होते, अस्वस्थता येते ती दुसऱ्याच एका रडण्याने. १९५२ च्या टूरमध्ये इटलीच्या फाउस्तो कोप्पीचा सहायक आंद्रेआ कार्रेआ पुढे सुटलेल्या एका गटात होता. त्या गटाने एवढी आघाडी घेतली की लोझान शहरात त्या दिवशीची पिवळी जर्सी कार्रेआच्या अंगावर आली. कोणत्याही स्वाराच्या आयुष्यातील हा सोन्याचा दिवस. कार्रेआ रडू लागला, पण तो भीतीने. धन्याची जागा आपण घेतली, असे त्याला वाटले, आणि त्याने कोप्पीची क्षमा मागितली. कोप्पी रागावला नव्हता. दुसऱ्या दिवशी आल्प द्युएझच्या चढावर त्याने ती जर्सी मिळवली आणि कार्रेआ सुटल्यासारखा झाला. खेळाच्या इतिहासात हा प्रसंग निष्ठेचा नमुना म्हणून सांगतात. आम्हांस तो तसा वाटत नाही. व्हिएटोला आपण काय देतो आहोत याचे दुःख होते, म्हणजे देण्याजोगे काहीतरी त्याचे होते. कार्रेआला दैवाने हाती ठेवलेले फळही चोरीचे वाटले. सेवा माणसाला इथवर नेऊ शकते, आणि यापुढेही.

यापुढे काय असते ते १९९९ नंतर दिसले. लान्स आर्मस्ट्राँगने त्या वर्षापासून २००५ पर्यंत सलग सात वेळा टूर जिंकली. २०१२ मध्ये अमेरिकेच्या उत्तेजक-विरोधी संस्थेने ती सातही विजेतेपदे काढून घेण्यास कारण ठरलेला अहवाल प्रसिद्ध केला. त्याच्या अकरा माजी सहकाऱ्यांनी साक्ष दिली होती. डोंगरावरच्या मुक्कामाने आठवड्यांत जे रक्त वाढते, ते ईपीओ नावाच्या औषधाच्या सुईने वाढवता येत असे. पुढच्याच वर्षी आर्मस्ट्राँगने दूरचित्रवाणीवर कबुली दिली. पण आम्हांला जास्त बोचतात ते हे सहकारी. ते उत्तम पाणक्ये होते. वारा अंगावर घेणे, स्वतःला विसरणे, आतली गोष्ट बाहेर न सांगणे हे सारे गुण त्यांच्या ठायी होते, आणि त्याच गुणांच्या खांबांवर ते असत्य इतकी वर्षे उभे राहिले. जो सायकल देतो, त्याच्याकडे एक दिवस रक्तही मागितले जाते. नायकासाठी, संघासाठी. नाही म्हणण्याची सवय ज्याने मोडून टाकली आहे, त्याने नाही कसे म्हणावे?

एकाने म्हटले. क्रिस्तोफ बासों हा १९९८ मध्ये फेस्टिना संघात होता. त्याच वर्षी त्या संघाची औषधांनी भरलेली गाडी सीमेवर पकडली गेली, आणि घेतल्याची कबुली देणाऱ्या सहकाऱ्यांनीच बासों घेत नसे अशी ग्वाही दिली. पुढच्या वर्षी तो दुसऱ्या संघातून टूरला आला आणि एका फ्रेंच वृत्तपत्रात शर्यतीविषयी जे दिसते ते लिहू लागला. स्वारांनी त्याच्याशी बोलणे टाकले. आल्प द्युएझच्या टप्प्यावर आर्मस्ट्राँगने जवळ येऊन त्याला घरी जाण्यास सांगितले. काही दिवसांनी शर्यत अर्धवट सोडून बासों निघून गेला. संघाचा द्रोही, असेच तेव्हा पुष्कळांचे मत होते. त्याने कोणाला चाक दिले नाही, कोणासाठी मागे वळला नाही. तरी व्हिएटोच्या शेजारी त्या कठड्यावर कोणाला बसवावे असे विचारले, तर आम्ही कार्रेआला नव्हे, बासोंला बसवू. चाक द्यावे, सायकल द्यावी, उमेदीची वर्षेही द्यावीत. सदसद्विवेकबुद्धी मात्र देता येत नाही, कारण ती दिली की देणाराच उरत नाही.

पण मौन पाळणे आणि दुसऱ्यासाठी वाहणे यांवर एवढे लिहिल्यावर एका नायकाची आठवण टाळता येत नाही. जिनो बार्तालीने टूर १९३८ मध्ये जिंकली आणि पुन्हा थेट १९४८ मध्ये. मधली उमेदीची वर्षे महायुद्धाने खाल्ली. युद्धकाळात फ्लोरेन्सचे कार्डिनल एलिया दाल्ला कोस्ता यांच्या सांगण्यावरून त्याने ज्यूंच्या सुटकेसाठी काम केले, म्हणून २०१३ मध्ये इस्राएलच्या याद वाशेम संस्थेने त्याचा मरणोत्तर गौरव केला. खोटी ओळखपत्रे सायकलच्या नळीत लपवून तो फ्लोरेन्सहून असिसीला नेत असे, असे सांगतात. तपशिलांविषयी इतिहासकारांत आजही वाद आहे, आणि त्याला अंशतः बार्तालीच जबाबदार आहे. २००० साली मरण येईपर्यंत तो याविषयी फारसे बोललाच नाही. फ्लोरेन्स ते असिसी हे अंतर पावणेदोनशे किलोमीटरच्या आसपास आहे. टूरच्या एका टप्प्याएवढे. रस्त्यात शिपायांनी अडवले तर सांगायला त्याच्याजवळ एक उत्तर होते, आणि ते खोटेही नव्हते: सराव करतो आहे.