दोष कोणाचा?

मननाचा भाग : योहानकृत शुभवर्तमान ९:१-७



वाटेनें जातांना प्रभु येशूच्या शिष्यांनीं जन्मापासून आंधळा असलेला एक मनुष्य पाहिला. त्याला भाकर द्यावी, त्याचा हात धरावा, असें त्यांच्या मनांत आलें नाहीं. त्यांनीं गुरूस एवढेंच विचारिलें कीं, ह्या दुःखाचा दोष त्या मनुष्याकडे जातो कीं त्याच्या आईबापांकडे. प्रभूनें दोन्ही पक्ष बाजूस सारिले, माती कालविली, आणि त्या मनुष्याच्या डोळ्यांस आपला हात लाविला.

तोच प्रश्न आज आपल्यामध्यें दुसऱ्या एका दुःखाविषयीं विचारिला जातो. मुकुंदवाडी हें जालना रस्त्यावरचें एके काळचें खेडें. आज तें छत्रपती संभाजीनगर शहराच्या पोटांत गेलें आहे. शेजारीं चिकलठाण्याचे कारखाने उभे आहेत, आणि खेड्यापाड्यांतून आलेलीं कुटुंबें येथें भाड्याच्या खोल्यांतून राहतात. ज्यांच्या आज्या १९७२ च्या दुष्काळांत खडी फोडून सुकडीवर दिवस काढीत होत्या, त्यांच्याच नातवंडांचीं शरीरें आज जड होत आहेत, आणि त्यामागून मधुमेह व रक्तदाब घरांत शिरत आहेत. मग कोणी म्हणतो, ज्याला जीभ आवरत नाहीं तो लठ्ठ होतो. कोणी म्हणतो, त्याचा काय दोष, काळच तसा आला आहे.

हा वाद पारावरच राहिला असता तर त्याविषयीं लिहिण्याचें कारण नव्हतें. परंतु ज्या भगिनीला तिच्या देहावरून हंसतात ती हळूहळू उपासनेस येईनाशी होते. ज्या बंधूला खादाड म्हणतात तो आपली साखर तपासून घेण्यास लाजतो, आणि पायाची जखम चिघळल्यावरच दवाखाना गांठतो. म्हणून खरें काय आहे तें आपण शांतपणें पाहूं.

पहिली गोष्ट ही कीं, देह आपल्याला मिळतो; तो आपण निवडीत नाहीं. १९८६ सालीं डेन्मार्क देशांतील ५४० दत्तक गेलेल्या माणसांची पाहणी प्रसिद्ध झाली. ज्यांनीं त्यांस लहानाचें मोठें केलें, ज्यांच्या घरीं तीं जेवलीं, त्यांच्या देहाशीं त्यांचा देह जुळला नाहीं. ज्यांनीं जन्म दिला त्यांच्याशीं जुळला. आपल्या महाराष्ट्रांत पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांचे सहकारी ह्यांनीं १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील गरोदर मातांची पाहणी केली. त्या मातांच्या बाळांचें जन्मतः वजन सरासरीनें सुमारें २.७ किलो भरलें. इंग्लंडांतील साउथॅम्प्टन शहराच्या बाळांचें सुमारें ३.५ किलो होतें. पण ह्या रोडक्या बाळांच्या अंगांत मांस कमी असलें तरी त्वचेखालची चरबी त्या मानानें टिकून होती. पुढें २००४ सालीं लॅन्सेट ह्या वैद्यकीय नियतकालिकांत डॉ. याज्ञिक व जॉन युडकिन नांवाचे इंग्रज डॉक्टर ह्यांचें एकत्र छायाचित्र छापून आलें. उंचीच्या मानानें दोघांचें वजन अगदीं सारखें. परंतु युडकिन ह्यांच्या अंगांत चरबी शेंकडा ९.१, आणि याज्ञिक ह्यांच्या अंगांत शेंकडा २१.२.

ह्याचा अर्थ हे संशोधक असा लावितात कीं, आईच्या पोटांत ज्याला अन्न तोकडें पडलें, त्याचा देह तेथेंच चरबी राखून ठेवावयास शिकतो, आणि पुढें ताट भरूं लागलें म्हणजे तोच गुण त्याला बाधतो. शिवाय कोणाचें वजन थायरॉईडच्या विकारानें वाढतें, कोणाचें औषधांमुळें वाढतें. तर मग उपाशी आईच्या लेंकराला आपण कोणत्या तोंडानें खादाड म्हणावें?

दुसरी गोष्ट ही कीं, रक्त तेंच राहून जागा बदलली तरी देह बदलतो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत १५ ते ४९ वर्षे वयाच्या भारतीय स्त्रियांपैकीं शहरांत शेंकडा सुमारें ३३, आणि खेड्यांत शेंकडा सुमारें २० जणींचें वजन प्रमाणाबाहेर आढळलें. शहरांतील बायका अधिक पापी आहेत म्हणून हा भेद पडला काय? खेड्यांत ज्वारीची भाकर, तुरीचें वरण, अंबाडीची भाजी, जपून वापरलेलें करडईचें तेल, आणि विहिरीपासून शेतापर्यंत पायपीट असे. शहरांत रातपाळीहून परतणाऱ्या मजुराला पहाटे वडापाव आणि गोड चहा मिळतो. मुलाच्या हातीं पांच रुपयांची तळलेली पुडी येते. खेळावयास मैदान नाहीं आणि चालावयास निर्धास्त रस्ता नाहीं. हीच राहणी आतां फटफटीवर बसून खेड्यांतही पोंहचली आहे.

ह्याची परीक्षाही झाली आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेंत केव्हिन हॉल ह्यांनीं २० माणसांस दोन आठवडे कारखान्यांत सिद्ध केलेलें अन्न, आणि दोन आठवडे साधें, ताजें अन्न दिलें. त्याचा वृत्तान्त २०१९ सालीं प्रसिद्ध झाला. वाढलेल्या दोन्ही प्रकारच्या अन्नांत साखर, मीठ व स्निग्ध पदार्थ मापानें सारखे होते, आणि हवें तितकें खाण्याची मोकळीक होती. कारखान्याच्या अन्नावर तीं माणसें रोज सुमारें ५०० कॅलरी, म्हणजे दोन-तीन भाकरींइतकें, अधिक खात गेलीं व दोन आठवड्यांत सुमारें ०.९ किलोनें वाढलीं. साध्या अन्नावर तितकींच उतरलीं. माणसें तींच होतीं, त्यांचा मनोनिग्रहही तोच होता. बदललें तें ताट. यहेज्केल संदेष्ट्यानें (१६:४९) सदोम नगरीचा दोष सांगतांना नुसतें भरलें पोट सांगितलें नाहीं; दीनदुबळ्यांस हात न देणें हेंही त्यांत मोजलें आहे. म्हणून दोष मोजावयाचाच झाला, तर जो साखर व तेल पुडींत भरून लेंकरांस विकतो, आणि जो नगर वसवितांना मैदान विसरतो, त्यांचाही मोजावा.

तिसरी गोष्ट ही कीं, आपला स्वतःचाही वाटा आहे. त्याच यहेज्केलच्या १८ व्या अध्यायांत, वडिलांच्या करणीचा दंड आपण भोगतों असें म्हणून हातपाय गाळून बसलेल्या लोकांस संदेष्ट्यानें उठविलें आहे. शरीर हें पवित्र आत्म्याचें वसतिस्थान आहे असें पौलानें करिंथ येथील मंडळीस शिकविलें (१ करिंथ. ६:१९). घर कोणत्या दगडाचें बांधलें हें राहणाऱ्याच्या हातीं नसतें. तें झाडून ठेवणें त्याच्या हातीं असतें. मात्र हें काम सोपें आहे असें कोणी समजूं नये. एकदां वाढलेलें वजन देह सहजासहजीं सोडीत नाहीं. तो भूक वाढवून तें परत मागतो. म्हणून महिनाभर उपाशी राहून पुन्हां पूर्वस्थितीवर येण्यापेक्षां रोजच्या राहणींत थोडा पण टिकणारा बदल करणें बरें. सत्तर किलोच्या माणसाचें वजन चार-पांच किलोंनीं उतरलें, तरी मधुमेहाचें भय पुष्कळ कमी होतें.

तर मग उत्तर काय? बीं आपल्याला मिळालेलें आहे, जमीन समाजानें केलेली आहे, आणि निंदणी आपल्या हातीं आहे. जो निंदणी करीत नाहीं तो चुकतो खरा. परंतु ज्याला मुरमाड रानांत पेरावें लागलें, त्याला काळ्या रानाच्या धन्यानें हंसूं नये.

उपदेशक बंधूंनो, व्यासपीठावरून कोणाच्या देहाचा दाखला देऊं नका. आपल्या प्रभूलाही लोकांनीं खादाड ठरविलें होतें (लूक ७:३४), हें लक्षांत असूं द्या. शिंप्याजवळ असते तशी एक फीत जवळ ठेवा. पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटर आणि स्त्रीची ८० सेंटिमीटर ह्यांहून अधिक भरली, तर हातपाय कितीही रोड दिसोत, साखर व रक्तदाब तपासून घेण्यास प्रेमानें सांगा, आणि जो एकटा जाण्यास लाजतो त्याच्याबरोबर दवाखान्यांत जा. जो मधुमेहाचें औषध घेतो त्याला डॉक्टरांच्या सल्ल्यावांचून उपासास बसवूं नका. साखर एकाएकीं उतरून त्याच्या जिवास धोका होतो.

मातांनो व सासवांनो, गरोदर सुनेनें सर्वांच्या मागून उरलेलें खावें ही चाल मोडून टाका. तिचें ताट सर्वांआधीं वाढा, आणि त्यांत डाळ, भाजी, दूध किंवा अंडें असूं द्या. कारण त्या ताटांत एक पुढची पिढीही जेवत असते. चहांतील साखर अर्धी करा. बाटलीचें गोड पाणी लेंकरांस पाजूं नका. ज्यांना शेतांत किंवा कारखान्यांत अंगमेहनत नाहीं त्यांनीं रोज अर्धा तास झपझप चालावें.

मंडळीच्या पंचांनो, उपासनेनंतर बिस्किटांऐवजीं फुटाणे व भुईमुगाच्या शेंगा ठेवा. उपासना-मंदिराचें अंगण सायंकाळीं मुलांच्या खेळास मोकळें करा, मग तीं मुलें कोणत्याही धर्माचीं असोत. ग्रामपंचायतीकडे किंवा महानगरपालिकेकडे मैदान व पायवाट मागतांना संकोच करूं नका.

त्या आंधळ्या मनुष्याला प्रभूनें शिलोह तळ्याकडे जाऊन धुण्यास सांगितलें, आणि तो गेला. चालणें त्याचेंच होतें. पण त्याआधीं कोणीतरी त्याच्याजवळ थांबलें होतें आणि त्याला हात लाविला होता. ह्या आठवड्यांत, जी भगिनी उपासनेस येईनाशी झाली आहे तिच्या घरीं जा. तिच्या देहाविषयीं एक शब्दही बोलूं नका. तिची खुशाली विचारा, तिच्याबरोबर प्रार्थना करा, आणि रविवारीं तिच्यासाठीं आपल्या शेजारीं जागा राखून ठेवा. देव आपणां सर्वांस तशी मति देवो. आमेन.