कवाईत आणि अंतःकरण

वाकड्या वाटेस लागलेल्या तरुणास पलटणीच्या शिस्तीत घातले म्हणजे तो ताळ्यावर येईल, असे आमच्या वाचकांपैकी पुष्कळ वडील माणसांचे मत असेल. या मताची परीक्षा अमेरिकेत होऊन गेली आहे. सन १९८३ त जॉर्जिया व ओक्लाहोमा या राज्यांनी तुरुंगातच लष्करी छावण्या उघडल्या, आणि पुढे इतर अनेक राज्यांनी त्यांचा कित्ता गिरविला. पहाटे उठणे, डोके भादरणे, कवाईत, अंगमेहनत व अंमलदाराचा दरडावा मुकाट्याने सोसणे, असा तीन ते सहा महिन्यांचा क्रम असे. तो पुरा करणारा लवकर सुटे.

परिणाम काय झाला? १९९४ साली आठ राज्यांची पाहणी प्रसिद्ध झाली, आणि २००५ साली अनेक पाहण्या एकत्र तोलण्यात आल्या. एकंदरीत पाहता, छावणीतून सुटलेले व साध्या तुरुंगातून सुटलेले यांच्या पुन्हा गुन्हा करण्याच्या प्रमाणात फरक आढळला नाही. त्याच २००५ साली तेथील मध्यवर्ती सरकारने आपल्या छावण्या बंद केल्या. इंग्लंडातही १९८० नंतर असाच प्रयोग होऊन फसला होता.

येथे न्यायाने एवढे सांगितले पाहिजे की, छावणीतील कैदी साध्या तुरुंगातील कैद्यांपेक्षा आपल्या स्थितीविषयी बरे बोलत. मग ते चांगले मन गेले कोठे? आम्हांस आमच्या बोर्डिंगांची आठवण होते. घंटेसरशी उठणारा मुलगा सुटीत घरी आला की उन्हे अंगावर येईपर्यंत निजतो. त्याचे उठणे घंटेचे होते, त्याचे नव्हते. आज्ञेचे पालन आणि सद्गुण यांत हाच भेद आहे. धाकाने पहिले लवकर साधते, आणि म्हणूनच दुसरेही साधले असा भ्रम होतो.

या भ्रमाची किंमत कोणी दिली हेही पाहिले पाहिजे. जानेवारी २००६ मध्ये फ्लोरिडातील अशा एका छावणीत १४ वर्षांचा मुलगा दाखल झाल्याच्या दिवशीच, पहारेकऱ्यांच्या बळजबरीखाली कोसळला व दुसऱ्या दिवशी मरण पावला. पुढे ज्यूरीने पहारेकऱ्यांस निर्दोष ठरविले. कायद्याचे समाधान झाले. आमचे होत नाही.

ज्या थोड्या ठिकाणी काही सुधारणा दिसली, तेथे शिक्षण व व्यसनमुक्ती यांस रोज तीन तासांहून अधिक वेळ दिला जाई, आणि सुटकेनंतरही त्या मनुष्यावर बारीक लक्ष असे. मग यश कवाईतीचे म्हणावे काय? इतर ठिकाणी फाटक उघडले की, तीच गल्ली, तेच सोबती आणि तेच रिकामे हात त्याची वाट पाहत असत.