बोटाचा भार

इलेक्ट्रिक गिटारीच्या सहाही तारा यंत्रावर काटेकोर लावलेल्या असतात. तरीही डाव्या हाताने पहिलीच कॉर्ड धरताच काहीतरी खटकते आणि वादकाचा हात खुंट्यांकडे जातो. कधी दोष खरोखर वाद्यात असतो. तारेच्या टोकाकडील खाच उंच राहिलेली असते. पण पुष्कळदा तो दाबणाऱ्या बोटात असतो, आणि तिथे कोणी शोधत नाही.

वस्तुतः तार पडद्याला नीट टेकली की स्वर सिद्ध झाला. त्यानंतरही दाब वाढत राहिला, तर पडद्यामागचा तारेचा भाग लाकडाकडे वाकतो, ताण वाढतो आणि स्वर चढतो. इलेक्ट्रिक गिटारीच्या तारा बारीक, पहिली तर अनेकदा ०.००९ इंचाची, पडदे उंच असले तर बोटाला खाली जायला वावही अधिक. ‘ई मेजर’ कॉर्ड पाहा. तिच्यातला गंधार तिसऱ्या तारेच्या पहिल्याच पडद्यावर असतो. अर्ध्या स्वराचे १०० सेंट धरले, तर पाश्चात्त्य समविभागी सप्तकातला गंधार नैसर्गिक गंधारापेक्षा मुळातच सुमारे १४ सेंट चढा. त्यावर तर्जनीसारखे बळकट बोट! बाकीचे स्वर जागच्या जागी, आणि हा एकटा वर.

आता प्रश्न असा की, या चुकीचे मूळ कशात आहे? आळसात नाही, हे निश्चित. आळशी बोट कमी दाबते. मग तार खरखरते आणि शेजारी बसलेल्यालाही ते कळते. जास्त दाबणारे बोट प्रामाणिक असते. त्याचा स्वर स्वच्छ, भरदार येतो; फक्त तो खरा नसतो. ॲरिस्टॉटलने सद्गुण हा दोन टोकांमधला मध्य मानला, हे आपण जाणतो. त्याची दुसरी सूचना मात्र फारशी सांगितली जात नाही : दोन टोके मध्यापासून सारखीच दूर असतात असे नाही. अविचारी साहस शौर्यासारखे दिसते, भित्रेपणा दिसत नाही. म्हणून शौर्याच्या विरुद्ध आपण भित्रेपणालाच उभे करतो. माझ्या मते, अतिरेकाला मिळणारे अभय इथूनच येते. कमतरता स्वतःच ओरडून सांगते. अतिरेक सद्गुणाचा वेष घालून बसतो, आणि घरात अतिकाळजी करणाऱ्याला ‘थोडे कमी कर’ असे कोण म्हणणार?

यावर वादकांचा एक साधा उपाय आहे. बोट तारेवर नुसते ठेवायचे, तार छेडत राहायचे आणि दाब हळूहळू वाढवायचा. खरखर संपून स्वर मोकळा होतो, तिथेच थांबायचे. बोट पडद्याच्या जितके जवळ, तितका कमी भार पुरतो. एवढ्या थोड्या बळावर काम भागते, यावर नवशिक्याचा विश्वास बसत नाही.

घरी हे जमते. लोकांसमोर उभे राहिल्यावर भीतीने मूठ आवळते आणि स्वर पुन्हा चढतात. दोन गाण्यांच्या मध्ये वादक घाईघाईने यंत्र लावून खुंट्या तपासतो. मोकळ्या तारा अर्थातच सुरात असतात.