स्वस्ताचा हिशेब

संयुक्त राष्ट्रांनी 2023 हे वर्ष भरडधान्यांचे म्हणून पाळले आणि गरिबाची ज्वारीची भाकरी एकाएकी प्रतिष्ठित झाली. तेव्हा मीही घरात तावातावाने वडापावाची निंदा केली. बटाटा, मैदा आणि तेल. भूक मरते, पण अंगी काय लागते? त्यापेक्षा भाकरी सकस, आणि स्वस्तही!

“स्वस्त कुणाला?” पत्नीने शांतपणे विचारले.

मी निरुत्तर झालो. ज्वारी निवडायची, दळून आणायची. पीठ शिळे झाले की विरी जाते, म्हणून तेही थोडेथोडेच. गव्हाचा चिकटपणा ज्वारीत नाही, तेव्हा गरम पाण्यात मळून एकेक भाकरी हातानेच थापायची. रोजच्या या तासाभराची किंमत माझ्या हिशेबात कधी आलीच नाही; कारण ती मी मोजलेली नव्हती. स्टेशनाबाहेर घाईघाईने वडापाव खाणारा निदान रोख पैसे देतो. मी मात्र आयुष्यभर आरोग्य उधारीवर खाल्ले, आधी आईच्या आणि मग पत्नीच्या.

हल्ली रविवारी परातीपुढे मी बसतो. भाकरी अजून फाटते. ती नीट उलटता येईपर्यंत वडापावाला नावे ठेवायची नाहीत, असे मी ठरविले आहे.