कोटावरून कोणासाठी उतरावे?

शास्त्रपाठ : नहेम्या ५:१-१३



नहेम्याच्या पुस्तकावर आपल्या मंडळ्यांतून जे उपदेश होतात ते बहुधा चौथ्या व सहाव्या अध्यायांवर. एका हातात हत्यार, दुसऱ्या हातात काम, बावन्न दिवसांत पुरा झालेला कोट आणि शत्रूंची फजिती, हे सांगावयास सोपे व ऐकावयास गोड. मधला पाचवा अध्याय मात्र आपण ओलांडून जातो. त्यातला शत्रू बाहेरचा नाही, हेच त्याचे कारण असावे.

इ. स. पूर्व ४४५ च्या सुमारास पारसाच्या राजाचा प्यालेबरदार नहेम्या यरुशलेमेस आला. आल्याबरोबर त्याने भाषण केले नाही. तीन दिवस थांबून, रात्री थोडीशी माणसे बरोबर घेऊन, पडका कोट त्याने स्वतः पाहिला. मग कामाची वाटणी झाली. तिसरा अध्याय म्हणजे एक हजेरीपुस्तकच आहे. त्यात याजक आहेत, सोनार आहेत, व्यापारी आहेत, आपल्या मुलींसह राबणारा शल्लूम आहे. आणि उकिरडा वेस बांधावयास एका भागाचा अधिकारी उभा आहे. तकोवाच्या सरदारांनी कामाला मान लावली नाही, हेही टिपून ठेवले आहे. कित्येकांना आपापल्या घरासमोरचाच भाग मिळाला. काम कसे वाटावे हे ज्यांस शिकावयाचे असेल त्यांनी हा अध्याय सावकाश वाचावा.

कोट अर्ध्या उंचीस आला. राडारोडा पुष्कळ, ओझी वाहणारे थकलेले, बाहेर सनबल्लट व तोबीया टपलेले. नेमक्या अशा वेळी लोक व त्यांच्या स्त्रिया ओरडा करीत आल्या. धान्यासाठी शेते, द्राक्षमळे व घरे गहाण पडली होती, राजाचा कर भरावयास कर्ज काढले होते, पोरेबाळे दास्यात चालली होती. आणि सावकार परके नव्हते, आपलेच भाऊबंद होते. अशा वेळी कोणताही मुकादम काय म्हणेल? आधी काम, मग तक्रार.

आम्हीही तेच म्हटले होते. बेळगावात ओतकामाचे कारखाने पुष्कळ. त्यांतल्या एकात आमच्या हाताखाली साचे करणारे चौदा लोक होते. पावसाळ्याचे दिवस, मोठी ऑर्डर, शनिवारी माल जावयाचा. तिघेजण टेबलाशी आले. त्यांतला सर्वांत कसबी होता तो म्हणाला, “साहेब, वाळू ओली येतीया. कास्टिंगला भोकं पडत्यात आणि पैसं आमचं कापतायसा.” बोलणे खरे होते. ओल्या वाळूची वाफ होते व ती ओतीव लोखंडात भोके पाडते, हे आमच्या धंद्यात शिकाऊ पोरालाही ठाऊक असते. पण नापास मालाचे पैसे कापण्याच्या कागदावर सही आमची होती. आम्ही म्हटले, “शनिवार जाऊ दे, मग बघू.” माल शनिवारी गेला. सोमवारी तो माणूस आला नाही.

त्या आठवड्यात शब्बाथशाळेचा धडा तयार करताना हा अध्याय पुढे आला. नहेम्या संतापला, पण बोलण्यापूर्वी त्याने आपल्या मनाशी विचार केला. ही पायरी आमच्यासारख्या तापट माणसांनी लक्षात ठेवण्यासारखी आहे. मग त्याने सरदारांना त्यांच्या तोंडावर दोष दिला व मोठी सभा भरवली. दहाव्या वचनाशी आम्ही अडलो. तेथे तो कबूल करतो की आपण, आपले भाऊ व आपले चाकर हेही या लोकांना पैसा व धान्य देत आहोत. तो स्वतः व्याज घेत होता की नाही यावर विद्वान वाद घालतात; घालोत बापडे. देणी सोडून देण्याची गोष्ट निघाली तेव्हा त्याने स्वतःला वेगळे काढले नाही, एवढे आम्हांस पुरे आहे. आणि शेते, मळे, घरे परत करावयाची ती आजच. कोट पुरा झाल्यावर नव्हे.

हाच मनुष्य पुढल्या अध्यायात सनबल्लटाचे बोलावणे चार वेळा परत पाठवतो. मोठे काम हाती आहे, खाली उतरावयास सवड नाही, हेच त्याचे चारही वेळचे उत्तर. त्या बलाढ्य शेजाऱ्यासाठी त्याला सवड नव्हती, पण ओरडत आलेल्या बायाबापड्यांसाठी त्याने सभा भरवली. आमचे नेमके उलटे असते. वरच्या साहेबाचा निरोप आला की भर पाळीत हातातले काम टाकून धावतो, आणि मोल्डर आला की घड्याळाकडे पाहतो. पंचकमिटीत आणि नाताळच्या कार्यक्रमाच्या तयारीतही याहून फार निराळे घडते असे आम्हांस वाटत नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही वाळूचा ढीग पाहावयास गेलो. वरची ताडपत्री तीन ठिकाणी फाटली होती. नवी मागण्याची चिठ्ठी स्टोअरकीपरने महिन्यापूर्वी सहीसाठी दिली होती. ती आमच्याच टेबलाच्या खणात सापडली.

कापलेल्या पैशांसाठी हिशेबनिसाकडे तीन खेपा घातल्या, चूक कोणाची तेही सांगितले. दोघांचे पैसे पगारात मिळाले. तिसऱ्याचे घेऊन आम्ही संध्याकाळी त्याच्या घरी गेलो. त्याने दुसरीकडे काम धरले होते. त्याच्या आईने चहा दिला. त्याने पैसे मोजले, खिशात ठेवले आणि विचारले, “ताडपत्री आली काय?”

आली होती, त्याच दुपारी.