लाज नेमकी कुणाची?

आमच्या गावाकडं पुरुषाला अब्रू असायची आणि बाईला लाज. विहिरीवर लंगोट लावून पोहणारे बापये ओल्या अंगानं गल्लीतनं घरी यायचे, त्यांना कुणी टोकलं नाही. भातलावणीला गुडघ्यापर्यंत लुगडं खोचून चिखलात वाकलेल्या बायकांचंही कुणाला काही वाटत नसे. नऊवारीचा काष्टा घातला की पोटऱ्या दिसायच्याच. त्याच बायका चावडीपुढनं जाताना मात्र पदर डोक्यावर ओढून घेत. किती झाकायचं हे समोर कोण बसलंय आणि तो कसा बघतोय, यावर ठरायचं.

हे आठवायचं कारण तालुक्याच्या पेठेतलं एक कापडदुकान. दुकानदारानं काचेआड आतल्या कपड्यांतल्या दोन प्लॅस्टिकच्या पुतळ्या उभ्या केल्या आणि पंधरा दिवसांत तक्रारीचा अर्ज निघाला. 'आयाबहिणींनी या रस्त्यानं जायचं कसं?' असा त्याचा सूर. सह्या सगळ्या पुरुषांच्या. आयाबहिणींना कुणी विचारलंच नव्हतं.

मी माझ्या चुलतीला विचारलं. साठी उलटलेली बाई. ती म्हणाली, "त्या बाहुलीची मला कसली लाज? लाज वाटायची ती दुकानात शिरल्यावर. चार गिऱ्हाइकं उभी, गल्ल्यावर बापई माणूस. मी हळूच म्हणायची, बॉडी दाखवा. त्यो मोठ्यानं इचारायचा, केवढी? माप कुणाला ठावं? देईल ती घ्यायची आन् पिशवीच्या तळाला घालायची."

घरी आल्यावरही ती वस्तू लपलेलीच. धुतली की दांडीवर परकराखाली वाळत घालायची, कुणाच्या नजरेला पडू नये म्हणून. तिला ऊन लागत नाही. पावसाळ्यात ती दमटच राहते आणि तशीच अंगावर चढते. मग खाज, पुरळ. तेही डॉक्टरला दाखवायचं नाही, कारण पुन्हा लाज. आमच्या घरातल्या बायकांनी हे वर्षानुवर्षं सोसलं. त्यासाठी कुणी कधी अर्ज केला नाही.

असा वाद फक्त आमच्या पेठेतच झाला असं नाही. मुंबई महानगरपालिकेच्या सभागृहानं २०१३ साली अंतर्वस्त्रांतल्या पुतळ्या दुकानांतून हटवाव्यात, असा ठराव केला होता. दिल्लीतल्या डिसेंबर २०१२ च्या अत्याचारानं सारा देश हादरलेला होता. अशा पुतळ्यांमुळं बायकांवरच्या गुन्ह्यांना खतपाणी मिळतं, असं म्हणणं होतं. ठराव मांडणारी नगरसेविका होती, म्हणजे बाईच. तिची काळजी खोटी म्हणता येत नाही. पण आमच्या गावात ज्या बायकांना त्रास झाला, तो ऊसाच्या पाटावर आणि एसटीच्या गर्दीत झाला. त्या अंगभर लुगड्यातच होत्या.

म्हणून तक्रार करणारे सगळे अडाणी, असंही मी म्हणणार नाही. बाईच्या चित्राचा अश्लील वापर रोखायला १९८६ सालीच कायदा झालाय, तो उगीच नाही. सिमेंटच्या किंवा टायरच्या जाहिरातीत तोकड्या कपड्यातली बाई उभी करतात, तेव्हा त्या मालाशी तिचा काय संबंध? तिथं तिचं अंग गळासारखं वापरलेलं असतं. त्याचा राग यायलाच पाहिजे. पण जी वस्तू बाईलाच लागते ती पुतळीवर घालून दाखवली, तर तिला न विचारता तिचं माप कळतं, प्रकार कळतो. मोठ्यानं 'केवढी?' ऐकावं लागत नाही. दोन्ही ठिकाणी कापड तेवढंच, पण एक चित्र बाईला वापरतं आणि दुसरं तिच्या उपयोगी पडतं. मला वाटतं, तक्रारीचा कागद हातात घेण्याआधी एवढं पारखून घ्यावं.

लाज वाईट नाही. माणूस स्वतःचं अंग, स्वतःचं खासगीपण राखतो, त्यात त्याचा मान असतो. पण ती लाज ज्याची त्यानं ठरवावी. दुसऱ्यानं लादली की तिचा धाक होतो, आणि धाकानं नजर सुधारत नाही. पेठेतल्या त्या सह्या करणाऱ्यांनी एकदा आपल्या परड्यातल्या दांडीकडं बघावं. परकराखाली काय दमट राहिलंय, ते आधी उन्हात येऊ द्यावं.